सात महिन्यांचा बँड, एक कॅसेट

वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच सामानाभोवती फिरतात: सत्तरच्या दशकाच्या अखेरीस निघालेले आणि बघता बघता मोडलेले पंक बँड, आणि त्यांची घरात उरलेली कॅसेट, तबकडी, कागद. पंक हा शब्द ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७६ च्या सुमारास न्यूयॉर्क, लंडन, मँचेस्टर इथून वर आलेलं हे संगीत. दोन-अडीच मिनिटांचं गाणं, तीन-चार कॉर्ड, मोठा आवाज आणि रेकॉर्डपासून पोस्टरपर्यंत जमेल ते स्वतःच करायचं. यातले बहुतेक बँड अल्पायुषीच होते. सगळ्यात गाजलेला सेक्स पिस्टल्स १९७५ मध्ये उभा राहिला आणि १४ जानेवारी १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर फुटला. तेव्हा कुणाच्या काकांचा बँड सात महिने चालला असेल तर त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

प्रश्न: माझे मोठे काका १९७७ ते १९७९ लीड्सला शिकायला होते. तिथे चौघांनी पंक बँड काढला, काका बेस वाजवत. सात महिन्यांत बँड मोडला. काका मागच्या वर्षी गेले. त्यांच्या ट्रंकेत एक सी-९० (दोन्ही बाजू मिळून ९० मिनिटांची) कॅसेट निघाली. त्यावर बॉलपेनने फक्त ‘रिहर्सल’ लिहिलंय. खिडकीतून पाहिलं तर टेपच्या कडांवर पांढरट पूड दिसते. घरात जुना टू-इन-वन आहे. लावून बघू का? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

नको. ही कॅसेट एकदाच वाजणार आहे असं धरून चला आणि त्या एका वेळेची तयारी आधी करा.

पांढरी पूड म्हणजे बहुधा बुरशी. ती टेपच्या थरांना एकमेकांशी चिकटवते. मशीनने ओढली की थर एकदम सुटतो, सी-९० ची पातळ टेप झटक्याने ताणली जाते किंवा कडेने फाटते. सी-९० ची टेप जेमतेम १२ मायक्रॉन जाडीची असते. सी-६० त्यापेक्षा बरीच दणकट. शिवाय बुरशी हेडवर (मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सगळ्यात आधी कॅसेटच्या मागच्या कडेची दोन्ही छोटी प्लास्टिकची टोकं मोडून टाका. ती शाबूत असताना चुकून लाल बटण दाबलं गेलं तर काकांच्या बेसवर तुमच्या बैठकीतल्या गप्पा चढतील. हे वाचून हसू येईल, पण जुन्या कॅसेटी सगळ्यात जास्त अशाच जातात.

मग कॅसेट वाळवा. हवाबंद स्टीलच्या डब्यात तळाला २०० ग्रॅम सिलिका जेल, त्यावर जाळी किंवा पुठ्ठा, वर कॅसेट. आठ दिवस. वाळलेली बुरशी पूड होऊन सुटते, ओली असेल तर फासली जाते. डबा उन्हात ठेवू नका. आठ दिवसांनी बाहेर, मोकळ्या हवेत, तोंडाला एन-९५ मास्क लावून पुढचं काम करा. पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसलात तर पूड घरभर जाईल.

आता शेल, म्हणजे कॅसेटचं प्लास्टिकचं कवच, बदला. तुमच्या कॅसेटला पाच स्क्रू असतील तर बारीक पेचकसने उघडेल. स्क्रू नसतील तर शेल चिकटवलेलं आहे; जोडाच्या रेषेत पातळ पातं घालून कोपऱ्यापासून हळूहळू उकलायचं, पातं आत खोल घालायचं नाही. एक नवी किंवा निरुपयोगी, पण स्क्रूवाली कॅसेट आणा आणि तिची टेप काढून टाका. जुनी कॅसेट टेबलावर आडवी ठेवून वरचं झाकण उचला. टेप दोन हबांवर (दातेरी चकत्यांवर) गुंडाळलेली दिसेल. वर आणि खाली एकेक पातळ निसरडा कागद असतो. तो विसरलात तर टेप घासून अडकते. दोन्ही हब एकत्र उचलून नव्या शेलमध्ये ठेवा, टेप कोपऱ्यांतल्या दोन्ही रोलरवरून न्या आणि तोंडाशी असलेल्या फेल्टच्या पॅडसमोरून गेली आहे ना ते बघा. हा पॅड ब्राँझच्या पट्टीवर गोंदाने लावलेला असतो आणि चाळीस वर्षांत गोंद सुकून तो गळतो. पॅड नसेल तर टेप हेडला टेकत नाही आणि आवाज लांबून, गोधडीखालून आल्यासारखा येतो. लोक म्हणतात ‘टेप गेली’. गेलेला असतो पॅड.

नंतर षट्कोनी पेन्सिल हबात घालून टेप हाताने गुंडाळा. तोंडाशी चष्मा पुसायचं कोरडं कापड दुमडून अलगद धरा, म्हणजे दोन्ही बाजूंची पूड निघत जाईल. सी-९० मध्ये जवळजवळ १३० मीटर टेप असते, एका फेरीला पाऊण तास जातो. कापडाची घडी बदलत राहा. कुठे चिकटलं तर ओढू नका. तेवढाच हब मागे-पुढे हलवून सोडवा. तुटलीच तर दोन्ही टोकं सरळ कापून भिडवा आणि कॅसेटसाठी मिळते तीच जोडपट्टी लावा. जोड आतल्या बाजूने द्यायचा, कारण बाहेरची बाजू हेडला लागते आणि आवाज तिच्यावर असतो. साध्या सेलोटेपचा गोंद पसरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो, म्हणून ती लावू नका.

वाजवायला टू-इन-वन नको, मागे लाइन-आउट (आवाज बाहेर नेणारी जोडणी) असलेला डेक, म्हणजे स्पीकर नसलेलं कॅसेट-मशीन, हवा. शहरात जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणारे अजून आहेत, त्यांच्याकडे बेल्ट बदललेला डेक मिळतो. हेड आणि कॅपस्टन, म्हणजे टेप ओढणारा बारीक दांडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेप त्या दांड्यावर दाबून धरणारा पिंच रोलर रबराचा असतो, त्याला साबणाच्या पाण्याचा किंचित ओला बोळा पुरे. मग एखादी टाकाऊ कॅसेट पूर्ण ४५ मिनिटं वाजवून बघा. डेक टेप ‘खातो’ तेव्हा कॅपस्टन टेप पुढे ढकलत असतो, पण गुंडाळणारा हब सैल पडलेला असतो. हे पाचव्या मिनिटालाच होईल असं नाही, चाळिसाव्यालाही होतं, म्हणून पूर्ण बाजू.

डेकची लाइन-आउट ऑडिओ इंटरफेसला (आवाज डिजिटल करणाऱ्या पेटीला) आणि तिथून संगणकाला. लॅपटॉपचं माइकचं भोक वापरू नका. ते बहुतेक वेळा मोनो असतं आणि आवाज आपोआप कमी-जास्त करतं. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही फाइल. एका बाजूला साधारण दीड जीबी लागतं. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ड्रमवाल्याने अचानक जोर लावला तरी वर जागा उरते.

अझिमथ हा शब्दही लक्षात ठेवा. म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. काकांच्या मित्रांचं मशीन आणि तुमचा डेक यांचा कोन जुळला नाही तर झांजा आणि गिटारची धार गायब होते. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक स्क्रू असतो. त्याची आताची जागा मार्करने खुणा करून ठेवा, दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐका आणि झांज सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबा. पाव फेऱ्यापेक्षा जास्त लागत नाही. हे पहिल्या मिनिटातच उरका, मग टेप सुरुवातीला नेऊन एका दमात पूर्ण उतरवा.

तालमीची टेप असल्याने ती बहुधा एका माइकच्या मोनो रेकॉर्डरवर केलेली असेल. अशा रेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप समतोल करणारं सर्किट असायचं. त्यामुळे ड्रम वाजला की बाकी सगळं दबतं आणि मागून फुगून येतं. हा टेपचा दोष नाही, तो दुरुस्त करायला जाऊ नका. खरखर काढायचे प्रयोग फाइलच्या प्रतीवर करा. मूळ फाइल जशी उतरली तशी दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पाठवा.

प्रश्न: जुन्या कॅसेटी आणि रेकॉर्ड माळ्यावर डांबरगोळ्या घालून ठेवल्या आहेत. चालेल ना? (एक वाचक, गोकुळपेठ)

दोन्ही गोष्टी चुकल्या. स्लॅबखालचा माळा नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, भट्टी होतो. विनाइलची तबकडी ६० अंशांच्या आसपास नरम पडून वाकायला लागते. बाहेर ४५-४६ असताना बंद गाडीत किंवा तापलेल्या माळ्यावर तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. डांबरगोळ्यांची वाफ प्लास्टिकवर बसते, त्या काढून टाका.

मग खाली आणून कूलरच्या खोलीत ठेवायची चूक करू नका. ताट्यांमधून येणारी हवा गार असते तशी ओलीही असते. मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी ठणठणीत असते, तरी ज्या घरात बुरशी धरते ती बहुतेक कूलरसमोरच्या कपाटात. आतल्या खोलीचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं, जमिनीपासून वीतभर वर असलेलं लाकडी किंवा लोखंडी कपाट बरं. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, कॅसेटीही उभ्या, टेप एका बाजूला पूर्ण गुंडाळून. सिलिका जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. आषाढ-श्रावणात दर पंधरवड्याला बघावं लागेल.

प्रश्न: बर्डीवर रद्दीच्या ढिगात १९७७ चं एक इंग्लिश पंक सिंगल मिळालं, सात इंची. कव्हर म्हणजे दुमडलेला झेरॉक्ससारखा कागद, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. खरं आहे की नंतरची नक्कल, कसं ओळखायचं? आणि घरच्या फिएस्टावर (जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर) लावलं तर? (एक वाचक, सदर)

अनोळखी कंपनी आणि दुमडलेला कागद हे संशयाचं कारण नाही, उलट त्या काळाची तीच खूण. मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडने २८ डिसेंबर १९७६ ला एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली, त्यासाठी ५०० पौंड मित्रांकडून आणि घरून उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ नावाने स्वतःच्याच लेबलवर पहिल्या हजार प्रती काढल्या. प्रत्येक गाण्याचा कितवा टेक घेतला तेही कव्हरवर छापलं. ते बघून गावोगावच्या पोरांना कळलं की रेकॉर्ड काढायला कंपनी लागत नाही. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत अशा पाचशे-हजार प्रतींच्या तबकड्यांचा पूर आला. त्यातल्या कित्येक बँडांची तेवढीच एक तबकडी.

ओळखायचं तबकडीवरूनच. गाणं संपतं तिथे लेबलाभोवती गुळगुळीत पट्टा असतो. उजेड तिरपा पाडून बघा. हाताने कोरलेला किंवा ठशाने उमटवलेला क्रमांक दिसेल. तो लेबलावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. पंकवाले तिथे थट्टेचं एखादं वाक्यही कोरून घेत. तेही उतरवून ठेवा, कारण एकाच तबकडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या त्यावरून वेगळ्या करता येतात. कव्हरवर बारकोड असेल तर ते १९७७ चं नाही. लंडनचा फोन नंबर असेल तर सुरुवातीचा कोड बघा: ०१ असेल तर ठीक, ०७१ किंवा ०८१ असेल तर मे १९९० नंतरचं. छापील फोटो भिंगातून पाहा. ठिपक्यांच्या जाळीवर दुसरी जाळी चढून लाटा उठल्यासारख्या दिसत असतील तर ते छापलेल्या कव्हरवरूनच पुन्हा छापलेलं आहे. मात्र मूळ कव्हरच झेरॉक्स असेल तर ही कसोटी लागू पडत नाही. तेव्हा कोरलेल्या क्रमांकावरच भिस्त ठेवा.

फिएस्टावर लावू नका. त्या काळच्या सिरॅमिक कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) सुई चार-पाच ग्रॅम भार टाकते, आणि घरातली सुई तर वर्षानुवर्षं बदललेली नसते. पावणेदोन ते दोन ग्रॅमवर चालणारी मॅग्नेटिक कार्ट्रिज आणि तिचा बारीक आवाज वाढवणारा फोनो प्रीअँप हवा. आधी धुवा: ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे पाच-सहा थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. नळाचं पाणी वापरलंत तर क्षार खाचेत बसतात आणि पुढे कायम टिकटिक ऐकू येते. हे मिश्रण फक्त विनाइलसाठी. अमेरिकेतली काही सिंगल्स पॉलिस्टायरीनची असत (लेबल चिकटवलेलं, तबकडी ताठ, टिचकी मारली की खणखणीत), त्यांना आणि लाखेच्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल लागलं की संपलं. वेग ४५ ठेवा, आणि मोनो तबकडी असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करा. निम्मी खरखर तिथेच जाते.

प्रश्न: मित्राच्या आजोबांच्या १९७८ च्या बँडची डिजिटल केलेली टेप आहे. बँड शेफील्डचा होता. आम्ही चौघं त्यातली तीन गाणी बसवून राहिलो, पण सूरच सापडत नाही. ई लावला तर टेप वर जाते, एफ लावला तर खाली. गिटार बेसूर होती का? आणि तसा आवाज कसा काढायचा? (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, प्रतापनगर)

असेलही, पण आधी वेग तपासा. तालमीच्या टेपमध्ये अँप्लिफायरची गुणगुण सापडतेच. ती विजेच्या वारंवारितेची असते: इंग्लंडात आणि आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि तिच्या पटी, म्हणजे १००, १५०. गाण्यांच्या मधला, कुणी वाजवत नसलेला पाच-दहा सेकंदांचा तुकडा निवडा आणि कुठल्याही ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वर्णपट (कोणत्या वारंवारितेचा आवाज किती ते दाखवणारा आलेख) काढा. नमुन्याचा आकार ६५,५३६ ठेवा, नाहीतर रेषा जाड येते. १०० च्या जवळची रेषा वाचा.

समजा ती १०३ वर आली. म्हणजे टेप ३ टक्के वेगाने चालते आहे. एक अर्धस्वर (ई ते एफ एवढं अंतर) म्हणजे जवळपास ६ टक्के. तेव्हा ३ टक्के म्हणजे अर्धा अर्धस्वर, आणि ई नेमका ई आणि एफच्या मध्ये जाऊन बसतो. तुमचं लक्षण हेच आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘चेंज स्पीड’ घ्या, ‘चेंज पिच’ नाही, आणि वेग १०० भागिले १०३, म्हणजे २.९१ टक्क्यांनी कमी करा. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनची चूक आणि तुमच्या डेकची चूक, दोन्ही एकाच वेळी निघून जातात. एक फसगत टाळा: तुमच्या स्वतःच्या डेकचीही गुणगुण असते, आणि ती बरोबर १०० वर दिसते. कॅसेट थांबवून नुसतं रेकॉर्डिंग केलंत तर जी रेषा उरते ती तुमची; दुसरी शेफील्डची. आपल्याकडच्या त्या काळच्या टेपवर ही युक्ती थोडी जपून वापरा, कारण तेव्हा विजेची वारंवारिता ४८-४९ पर्यंतही उतरायची.

वेग दुरुस्त करूनही किंचित फरक राहिला तर मात्र गिटार खरंच बेसूर होती. तेव्हा खिशात ट्यूनर नव्हता. एकमेकांशी जुळवलं की झालं. तुम्हीही टेपशी जुळवा, ट्यूनरशी नको.

आवाजाबद्दल: तुम्ही बहुधा गेन खूप ठेवताय. १९७७-७८ ची ती फाट पेडलमधून कमी आणि जोरात लावलेल्या व्हॉल्व्ह अँपमधून जास्त आली आहे. गेन निम्म्यावर, मिड वर, बास थोडा खाली, रिव्हर्ब आणि कोरस बंद. कॉर्ड पूर्ण सहा तारांची धरू नका. ई साठी सहावी तार मोकळी, पाचवी आणि चौथी दुसऱ्या पडद्यावर, बाकीच्या हाताने दाबून मुक्या. उजव्या हाताचे सगळे फटके खालीच. वर-खाली मारलंत तर वेग सोपा होतो, पण प्रत्येक दुसरा ठोका हलका पडतो आणि गाणं एकदम गोड होऊन बसतं. मिनिटाला १७० ठोके असतील तर सेकंदाला साडेपाचहून जास्त फटके लागतात. हात भरून येतो तो कोपरापासून मारल्यामुळे. मनगट सैल, पिकचं टोक जेमतेम दोन-तीन मिलिमीटर तारेत, आणि १२० पासून सुरुवात करून दर दोन दिवसांनी पाचाने वाढवा. बेसनेही पिक वापरावा, बोटांनी ती टणक धार येत नाही.

प्रश्न: आई १९७८ च्या सुमारास लंडनला मावशीकडे होती. तिथल्या पोरांबरोबर एका पंक बँडमध्ये ती गायली, पाच-सहा कार्यक्रम झाले. हे लिहून ठेवायचं आहे, पण ती कधी ७७ म्हणते, कधी ८०. नातेवाईक तर म्हणतात, आपली माणसं पंकमध्ये नव्हतीच. (एक वाचक, लक्ष्मीनगर)

नातेवाइकांना एलियन कल्चर (‘परकी संस्कृती’) या बँडबद्दल सांगा. लंडनमधल्या दक्षिण आशियाई घरांतल्या तीन मुलांनी आणि त्यांच्या एका गोऱ्या मित्राने १९७९ मध्ये काढलेला हा बँड १९८० मध्ये एक सिंगल काढून १९८१ मध्ये संपला. जानेवारी १९७८ मध्ये मार्गारेट थॅचर दूरचित्रवाणीवर म्हणाल्या होत्या की वेगळ्या संस्कृतीच्या माणसांच्या लोंढ्यात बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते. बँडचं नाव त्याच बोलण्यावर उलटवलेलं आहे. वंशद्वेषाविरुद्ध १९७६ मध्ये सुरू झालेल्या रॉक अगेन्स्ट रेसिझम या चळवळीने असे बँड एकत्र आणले. ३० एप्रिल १९७८ ला लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात त्यांचा प्रचंड मेळा झाला. त्यात गायलेल्या एक्स-रे स्पेक्स बँडची गायिका पॉली स्टायरीन सोमाली वडिलांची मुलगी होती. तेव्हा आईचं म्हणणं खोटं वाटण्याचं कारण नाही.

आता साल. ‘कोणत्या वर्षी?’ असं विचारूच नका. माणसाला आकडा आठवत नाही, शेजारची घटना आठवते. घरात आणीबाणी उठल्याची बातमी आली (मार्च १९७७) तेव्हा तू नागपुरात होतीस की तिकडे? राणीच्या राज्यारोहणाची पंचविशी झाली, गल्लोगल्ली पताका लागल्या (जून १९७७), ते पाहिलंस का? रस्त्यावर कचऱ्याचे ढीग साठले होते तो हिवाळा (१९७८-७९) आठवतो? पहिला कार्यक्रम त्याच्या आधी की नंतर? अशा दहा-बारा खुंट्या ठोकल्या की बँडचे महिने आपोआप सापडतात. त्या पार्कातल्या मेळ्याला ती गेली असेल तर एक तारीख बसल्या जागी मिळाली.

याहून मोठा पुरावा तुमच्याच घरात असण्याची शक्यता आहे. लंडनहून आजीला आलेली निळी हवाई पत्रं कुणी जपून ठेवली असतील तर त्यांवर टपालाचा शिक्का आहे, दिवसासकट. पत्रात बँडचा उल्लेख नसला तरी चालेल. ‘शनिवारी उशिरा घरी आले, मावशी रागावली’ एवढी ओळही कार्यक्रमाच्या तारखेला नेऊन पोचवते. शिक्क्याचा फोटो पत्राबरोबरच घ्या, आणि पत्र पाकिटातून आलं असेल तर लिफाफा जपा, तो वेगळा पडला की पत्र निनावी होतं.

आईशी बोलताना आधी टेप किंवा फोटो दाखवा, मग विचारा. रेकॉर्डिंगसाठी फोन तिच्याजवळ, मऊ कापडावर ठेवा. पंखा, कूलर, फ्रिज बंद. सुरुवातीला तारीख, जागा आणि बोलणाऱ्यांची नावं मोठ्याने म्हणा. पाऊण तासापेक्षा जास्त नको. दुसऱ्या दिवशी ती आपणहून सांगते ते बहुतेक वेळा पहिल्या दिवसापेक्षा कामाचं असतं, म्हणून दुसरी बैठक आधीच ठरवून ठेवा. दोन्ही बैठकांत वेगवेगळी सालं आली तर दोन्ही लिहा; एक खोडून दुसरं ठेवू नका.

प्रश्न: त्या काळची हाताने काढलेली पत्रिका, फॅनझिन म्हणतात तशी, आठ पानी, झेरॉक्स, मध्ये पिना. लॅमिनेट करून घेऊ का? (एक वाचक, इतवारी)

मुळीच नको, लॅमिनेशन परत निघत नाही. पिना गंजलेल्या असतील तर आधी पाठीमागून टोकं सरळ करा आणि बोथट पात्याने उचला. ओढल्या तर कागद गंजाच्या वर्तुळासकट निघतो. झेरॉक्सची शाई म्हणजे कागदावर वितळवलेली प्लास्टिकची पूड. ती उडत नाही, पण पीव्हीसीच्या पारदर्शक पाकिटात ठेवली तर पाकिटालाच चिकटते आणि अक्षरं तिकडे जातात. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, किंवा पानांमध्ये साधा आम्लरहित कागद. ४०० डीपीआयवर, रंगीत, टीआयएफएफमध्ये स्कॅन करा. काळं-पांढरं स्कॅन केलंत तर पेनने लिहिलेली किंमत आणि कापून चिकटवलेल्या अक्षरांच्या कडा हरवतात, आणि फॅनझिनमध्ये मजकुराइतकंच महत्त्व त्या कडांना आहे. कोरी पानं आणि मागचं पानही स्कॅन करा. पत्ता बहुतेक तिथेच असतो. कसर आणि वाळवीसाठी कपाटाचे पाय भिंतीपासून दूर ठेवा आणि दर महिन्याला डबा उघडून बघा.

प्रश्न: हे सगळं इंटरनेटवर टाकता येईल का? (पुन्हा धरमपेठेचे वाचक)

टेप काकांची असली तरी गाणी चौघांची आहेत. गाण्याच्या रचनेवरचा हक्क आपल्या कायद्याने रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रचनाकार एकापेक्षा जास्त असतील तर शेवटचा जाईपर्यंत मोजणीच सुरू होत नाही. हयात असलेल्या तिघांची आणि काकांच्या वारसांची लेखी संमती घ्या. साधा ई-मेल चालेल, पण त्यात टेप कोणती, कुठे टाकणार आणि पैसे घेणार की नाही या तिन्ही गोष्टी स्पष्ट हव्यात. त्यांना लिहाल तेव्हा उतरवलेली फाइल सोबत पाठवा आणि कोणतं गाणं कुणी रचलं ते मिनिट-सेकंदांसकट मागवा. ‘रिहर्सल’ एवढंच लिहिलेल्या त्या कॅसेटवरच्या गाण्यांची नावं आता फक्त त्या तिघांनाच सांगता येतील.